बंपरचा डावा बोल्ट

आमच्या साडूंइतका सच्चा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे चाळून काढले तरी सापडायचा नाही, आणि दुसऱ्याच्या वस्तूकडे त्यांच्याइतक्या उघड लोभाने बघणारा माणूसही सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात हे मला पटायला नऊ वर्षं लागली, आणि त्या नऊ वर्षांत मला इतके धक्के बसले की इतिहास शिकवण्यात घालवलेल्या साऱ्या हयातीत बसले नव्हते. साडू कोणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघतच नाहीत. फाटकाची कडी बघतात, मग दाराच्या बिजागऱ्या, मग परसात काही गंजत पडलंय का ते. चहा येईपर्यंत त्या घरात कोणकोणती वाहनं होऊन गेली हे त्यांना कळलेलं असतं, फक्त यजमानांचं नाव ठाऊक नसतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते सांगलीत असतात, मी साताऱ्यात. वयाने ते मोठे, पण आम्ही दोघं एकमेकांना 'पाव्हणं'च म्हणतो. फौजेत त्यांचा सगळा जन्म गाड्यांच्या खाली गेला. निवृत्त झाल्यावर माणसं घर बांधतात, देवदेव करतात, निदान सोसायटीच्या निवडणुकीला तरी उभी राहतात. साडूंनी कवठे महांकाळला जाऊन एका जुन्या डॉक्टरांच्या शेडमधून कडब्याखाली गाडली गेलेली एक मोटार उकरून आणली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती आणि साडू ती उठायची वाट बघत शेजारी उभे होते. मला वाटलं, उन्हात फार वेळ हिंडले असतील.

पण त्यामागे कारण होतं, आणि ते कारण कळल्यावर त्यांच्यावर रागावणं कठीण होऊन बसायचं. साडूंचे वडील त्या डॉक्टरांचे ड्रायव्हर. हीच मोटार त्यांनी बावीस वर्षं चालवली. सगळा तालुका कधी ना कधी त्या गाडीत बसला, अडलेल्या बायका बसल्या, साप चावलेले गडी बसले, एकदा तर म्हणे एक आजारी वासरूही बसलं. बसली नाही ती फक्त साडूंची आई. मालकाच्या गाडीत ड्रायव्हरच्या बायकोनं बसायचं नसतं, हा वडिलांचा नियम. वडील जाऊन कैक वर्षं झाली, आई नव्वदीला टेकलेली, गावाकडे धाकट्या मुलाजवळ असते. साडूंनी एकच गोष्ट मनात धरली होती, की आईला त्या गाडीत बसवायचं. तेही डॉक्टरांनी ती नवी कोरी आणली तेव्हा जशी होती, अगदी तशा गाडीत. "तवर तिला दावायची न्हाई," ते म्हणायचे. "पडदा उगडला की तिनं म्हनलं पायजे, व्हय, हीच ती."

आता गाडी रंगवणं, इंजिन चालू करणं ही कामं फौजी माणसाने दोन वर्षांत उरकली. पुढची सात वर्षं गेली बोल्टांत. मला आधी वाटायचं की बोल्ट म्हणजे बोल्ट. हे मी एकदा मोठ्याने बोललो, तेव्हा साडूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवाजी आणि संभाजी एकच आहेत म्हणालो होतो. मग दोन बोल्ट माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी मला शिकवलं. दुकानात आज मिळतो तो बोल्ट निळसर चमकतो. त्या काळच्या बोल्टावरचा मुलामा फिका, राखाडी, दुधावर साय धरावी तसा. त्या काळच्या बोल्टाच्या डोक्यावर बनवणाऱ्याची अक्षरं उठवलेली असायची, आजचं डोकं कोरं. बंपरचे बोल्ट तेवढे चकचकीत, त्यांचं डोकं गोल, घुमटासारखं. "पाव्हणं, रंग कुनीबी मारतोय," ते म्हणाले, "पर चुकीचा बोल्ट लावलेली गाडी म्हंजी खोटी साक्ष."

खोटी साक्ष देणाऱ्या बोल्टांसाठी त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. गाडीतून निघालेले सगळे चुकीचे बोल्ट त्यात कोंबलेले, आणि त्या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे पुढच्या बंपरच्या डाव्या टोकाला निघालेला एक बोल्ट. चौकोनी डोक्याचा, काळा, ओबडधोबड. तो ते येईल त्याला दाखवायचे. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी बोल्ट. "ह्यो बगा. एवडी देखनी गाडी, आन कुना गाडवानं हिच्या नाकावर ह्यो ठोकलाय. ह्या गाडवाला मी बगितला असता तर कान धरून परेडला हुबा केला असता." त्या बोल्टाचं नावच घरात 'गाढवाचा बोल्ट' पडलं होतं. त्याच्या जागी बसायला हवा होता तो खरा, घुमटाच्या डोक्याचा बोल्ट मात्र काही केल्या मिळत नव्हता. बाकीचे तीन जागेवर होते. चौथ्यासाठी सगळं अडलं होतं.

शोधाचा त्यांचा एक धर्म होता: काढला तर घातला पाहिजे. कुठेही जुना बोल्ट दिसला की मालकाला विचारायचं, तो काढून घ्यायचा आणि त्याच भोकात आपल्या पिशवीतला नवा बोल्ट घट्ट बसवून द्यायचा. भोक रिकामं ठेवून ते कधी निघाले नाहीत. त्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी मोडक्या गाड्या, बंद पडलेले पंप आणि गंजके पाळणे आज नव्या कोऱ्या बोल्टांवर उभे आहेत आणि त्यांच्या मालकांना याचं कारण ठाऊक नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मला स्टेजवरून साडू कुठे दिसेनात. अक्षता पडल्या, हार घातले गेले, आणि व्याह्यांच्या चुलत्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, की आमच्या जीपखाली एक फेटा बांधलेला गृहस्थ झोपला आहे, तो तुमच्याकडचा का? मी धावत बाहेर गेलो, तर जीपखालून दोन पाय बाहेर आलेले आणि आतून समाधानाचे हुंकार. फेट्याला ऑइल लावून साडू बाहेर आले, आणि सगळ्या वऱ्हाडादेखत मला म्हणाले, "पाव्हणं, पोरगी बिनघोर द्या. घर चांगलं हाय. जीप तिसऱ्या पिढीत हाय, पर एक वायसर बदललेला न्हाई." मला त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर मुलगी सुखात आहे, आणि तिच्या घरात कोणतीही गोष्ट सहसा बदलत नाहीत हेही खरं निघालं.

त्याहून मोठा धक्का म्हसवडचा. साडू वर्तमानपत्र मागून वाचायला घेतात, म्हणजे निधनवार्तांपासून. जुना कंत्राटदार, जुना वकील, जुना बागायतदार गेला की त्याच्याकडे जुनी गाडी असणार, हा हिशेब. एकदा मला म्हणाले, म्हसवडला दहाव्याला जायचंय. मी पांढरा सदरा घालून निघालो. वाटेत विचारलं, गेलेले तुमचे कोण? तर म्हणाले, "अजून वळख न्हाई." मी एसटीतून उतरणार होतो, पण गाडी थांबेना. त्या घरी साडू खऱ्या डोळ्यांत खरं पाणी आणून बसले. गेलेल्याचा परगावी नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "वडील गेले, आमचा आधार गेला." साडूंनी त्याचा हात हातात घेतला आणि गहिवरून विचारलं, "आन त्यांच्या गाडीचं काय झालं?" मी जमिनीकडे बघत राहिलो. गाडी भंगारात गेलेली होती. तरीही साडू उठले नाहीत. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंचा पंखा कुरकुरत होता, तो उतरवून त्यांनी दुरुस्त केला. पुढे दर पावसाळ्याआधी ते त्यांची मोटार बघायला म्हसवडला जाऊ लागले, विहिरीवरची. मी त्यांना एकदा टोचून विचारलं, आता तिथे काय मिळणार आहे? "काय न्हाई," म्हणाले, "पर त्या घरात नऊचा पाना धरणारं कुनी उरलं न्हाई."

मुलाम्याची तऱ्हा आणखी वेगळी. सांगलीत एका गल्लीत एक वयस्क कारागीर बँडवाल्यांच्या पिपाण्यांना निकेल चढवतो, बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या उजळून देतो. साडूंनी त्याच्यापुढे दोनशे बोल्ट ओतले आणि सांगितलं, "चमकवायचं न्हाईत. फिकं ठेवायचं." त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो धक्का मी पाहिला, त्याने मला माझ्या सगळ्या धक्क्यांचा विसर पडला. "साहेब," तो म्हणाला, "माझ्या बापाच्या वक्तापास्नं ह्या दुकानात कुनी कमी चमकव म्हनून आलं न्हाई. लोक मला नावं ठेवतील." त्याने काम घेतलं, पण मन मानेना. साडू पाठमोरे झाल्यावर प्रेमापोटी त्याने सगळे बोल्ट पुन्हा एकदा हाणून उजळले. दोनशे बोल्ट लग्नातल्या बँडसारखे लखलखत घरी आले. साडू दोन दिवस जेवले नाहीत. मग परत गेले, त्याच्या दुकानासमोरच्या फरशीवर बसले आणि खिशातून नमुन्याचा जुना बोल्ट काढून त्याच्या हातात दिला. तो बोल्ट त्यांनी मेहुणीच्या मंगळसूत्राच्या डबीत, मखमलीवर ठेवला होता. मंगळसूत्र कुठे ठेवलं होतं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. कारागिराने ती डबी बघितली, बोल्ट उन्हात फिरवून बघितला, आणि म्हणाला, "आसं हाय व्हय. म्हंजी म्हातारं दिसाय पायजे." तिसऱ्या खेपेला त्याने जो मुलामा दिला, त्यापुढे साडूंनी उभं राहून सॅल्यूट केला.

ते दोनशे बोल्ट दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून कुठे ठेवले असतील? तांदळाच्या डब्यात. तांदूळ ओल धरतो, फौजेत शिकलेलं. हे शास्त्र त्यांनी मेहुणीला सांगितलं नव्हतं. गौरीच्या जेवणाला आम्ही सांगलीला गेलो, मी मसालेभाताचा दुसरा घास घेतला आणि डोक्यात वीज चमकली. तोंडातून निघाला एक पाऊण इंची बोल्ट, वर अक्षरांसकट. मेहुणी रडायच्या बेतात. साडू ताटावरून उठून माझ्याकडे झेपावले, मला वाटलं दात बघतात. त्यांनी बोल्ट घेतला, पुसला, खिडकीशी नेला आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "मुलाम्याला काय झालं न्हाई." माझी दाढ पुढे काढावी लागली.

असं सगळं हसत चाललं होतं, पण मेहुणी एकदा माझ्यापाशी मनापासून बोलली. म्हणाली, "आवं, सासूबाईंच्या डोळ्यांवर आता पडदा आलाय. माणूस हाताने चाचपून ओळखतात. ह्यांचा एक बोल्ट मिळायचा आणि म्हातारी राहायची नाही. तुम्ही तरी सांगा." मी सांगितलं. चिडून सांगितलं, की आई बोल्ट मोजायला बसणार आहे का? तो गाढवाचा बोल्ट लावा आणि बसवा तिला! साडू कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, जल्मभर तिला दुसऱ्याचं उरलंसुरलं मिळालं. ही तरी गाडी पुरी मिळू दे." मला माझाच राग आला.

मग घडलं ते असं, की तो बोल्ट मला सापडला. आम्ही निवृत्त शिक्षकांची सहल घेऊन कोयनानगरला गेलो होतो. घाटातली वळणं सोसून एका जुन्या हॉटेलात चहाला टेकलो, आणि समोर गल्ल्याच्या टेबलाला खणाची मूठ म्हणून काय बसवलं होतं? घुमटाच्या डोक्याचा, चकचकीत, अक्षरं उठवलेला बोल्ट. पुढचं मला नीट आठवत नाही. मित्र सांगतात की मी गुडघ्यांवर बसून त्या खणाला मिठी मारली आणि हॉटेलवाल्याने "काय पाहिजे साहेब?" असं विचारल्यावर "कडेचे वायसर बघू द्या" म्हणालो. मला माझाच धक्का बसला. हॉटेलवाला भला माणूस. म्हणाला, धरणाच्या कामावरच्या कुठल्या साहेबाच्या मोटारीचा असेल, आमच्या आजोबांनी लावला. मी बोल्ट घेतला आणि साताऱ्याहून नवी पितळी मूठ आणून स्वतः बसवून दिली. काढला तर घातला पाहिजे.

खंडेनवमीला, हत्यारं आणि वाहनं पुजायच्या दिवशी, गाडी गावी न्यायचं ठरलं. काय दिसत होती! काळी, झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, आणि बंपरवर चार गोल बोल्ट चारी एकसारखे. साडू फौजेचा कोट घालून, पदकं लावून उभे. सगळी भावकी जमलेली. नातसुनेने आईला धरून बाहेर आणलं. वाळलेली, ठेंगणी म्हातारी, डोळ्यांत पांढरी साय. साडू म्हणाले, "आये, वळख बरं, कुनाची गाडी?"

आईने हात पुढे केला. दारावरून फिरवला, दिव्यावरून फिरवला. मग चाचपत पुढे गेली, वाकली, बंपरच्या डाव्या टोकावर बोटं ठेवली, आणि थांबली. पुन्हा चाचपलं. मग हात मागे घेतला.

"ही न्हवं ती," ती म्हणाली.

साडूंचा चेहरा पांढराफटक. "आये, आगं तीच हाय! हिचा एकूण एक बोल्ट मी..."

"मग माजा बोल्ट कुटं हाय?"

आणि तिने सांगितलं. साडू तेव्हा रांगत होते. शेजारच्या वाडीत बाई अडलेली, डॉक्टरांना निघायची घाई, आणि त्यांच्या दारापुढेच बंपर एका बाजूने निखळून लोंबायला लागला. "तुज्या बानं गोट्यात जाऊन माज्या कडबाकुट्टीचा बोल्ट काडला आन ठोकला. चौकोनी डोस्क्याचा. म्हनला, सांजला आनून देतो. कवाच दिला न्हाई. मी जल्मभर त्या कुट्टीला तार बांदून कडबा कापला. लय भांडली मी त्येच्यासंगं." ती हसली. "पर गाडी लांबनं आली न्हवं, की मी दारात हुबी ऱ्हायची. बंपराला आपला बोल्ट दिसायचा. म्हनायची, आपुन बसलो न्हाई तर न्हाई, आपलीबी एक वस्तू हाय त्या गाडीत."

मी साडूंकडे बघू शकलो नाही. नऊ वर्षं, येईल त्या पाहुण्याला, पाण्याच्याही आधी, ते ज्याला गाढव म्हणत आले होते तो माणूस त्यांचा बाप निघाला होता. ते ताठ उभे होते, परेडला उभं केल्यासारखे. मग गाडीच्या डिकीतून त्यांनी तो पत्र्याचा डबा काढला. जमिनीवर बसले, कोटासकट. कोयनानगरचा बोल्ट त्यांनी काढला आणि गाढवाचा बोल्ट त्या भोकात घातला. सारा जन्म पाना धरलेल्या त्या हातातून पाना दोनदा निसटला. मी पुढे होऊन पलीकडून नट धरला.

आईने पुन्हा चाचपलं. "हां," ती म्हणाली. "आता बसती. मागं न्हाई, म्होरं." आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून ती देवळापर्यंत जाऊन आली. साऱ्या वाटभर तिने काही पाहिलं नसेल, पण मान डावी-उजवीकडे हलवत होती, लोक बघतायत का ते बघितल्यासारखी.

फाल्गुनात आई गेली. मी दहाव्याला गेलो. मंडळी उन्हात बसली होती, आणि माझे पाय, लाज वाटते सांगायला, आपोआप घरामागच्या गोठ्याकडे वळले. ती कडबाकुट्टी अजून होती. गंजून लाल झालेली, चाकाचा एक दांडा मोडलेला. बांधलेली तार नव्हती. तारेच्या जागी घुमटाच्या डोक्याचा, उठवलेल्या अक्षरांचा बोल्ट चमकत होता. साऱ्या जिल्ह्यात शोधून न मिळालेला, माझ्या हाताने कोयनानगरहून आणलेला तोच बोल्ट. मला पुन्हा एकदा धक्का बसला, पण या खेपेला तो कुठे बसला ते मला चांगलंच कळलं.

साडू मागे येऊन उभे राहिले होते. डोक्यावर केस नव्हते, खांद्यावर पंचा.

"काढला तर घातला पायजे, पाव्हणं," ते म्हणाले. "बाचं ऱ्हायलं हुतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी बसवला. तिनं माज्यासमोर दोन पेंढ्या कापल्या. म्हनली, आता हालत न्हाई."

त्यांनी पंच्याच्या टोकाने तो बोल्ट पुसला. मग आम्ही दोघं मंडळींत जाऊन बसलो.